किल्ल्यांच्या बॅटरीतली मुंगी

त्या दिवशी सकाळी मी पाणी भरून घेतलं, डबे भरले, गादीवरची चादर काढली, आणि यांच्या दोन पँटी, मुलांचे गणवेश आणि ती चादर मशीनमध्ये टाकून झाडू हातात घेतला. मशीन फिरायला लागलं तसा आतून टक् टक् आवाज यायला लागला. एखादं नाणं राहिलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. हे गॅलरीच्या दारात कप घेऊन उभे होते. चहा संपला होता, तरी हलत नव्हते.

"उशीर नाही का होत तुम्हाला?" मी विचारलं.

"होतोय."

"मग?"

"तुझं मशीन संपू दे."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांनी कधी माझ्या मशीनची चौकशी केली नव्हती. मी झाडू भिंतीला टेकवला. "काय टाकलंय आत?"

"किल्ल्या. आणि नवीन बॅटरी. तू खिसे बघतेस ना, म्हणून चादरीत गुंडाळून टाकली."

मशीन थांबलं. चादरीचा पीळ उलगडला तेव्हा बोटाएवढी ती बॅटरी बाहेर आली, अंगाला फेस, कडीला किल्ल्यांचा जुडगा. यांनी ती पँटीला पुसली, धुतलेल्या पँटीला, आणि तिचं डोकं पाव फेरा फिरवलं. ती लागली. यांनी उजेड माझ्या तोंडावर पाडला आणि म्हणाले, "पास." मग कामाला गेले.

हे सगळ्यात आधी लिहिलं त्याला कारण आहे. मृत्युपत्र लिहिणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर असल्याचं सुरुवातीलाच लिहावं लागतं, असं खालच्या मजल्यावरच्या कारकूनभाऊजींनी मला सांगितलं. पण 'मी शुद्धीवर आहे' असं कोणीही लिहील. नसलेला तर आधी लिहील. म्हणून मी पुरावा जोडला आहे. चादर निळ्या चौकड्यांची होती, हेही लिहून घ्यावं.

तर मी, खाली सही करणारी, लिफ्टमिस्त्रींची बायको, एका मुलीची आणि एका मुलाची आई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मनाने, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. कोणी मला भरीस घातलेलं नाही. मला काही झालेलंही नाही. डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात की ते दात काढण्याइतकं सोपं असतं. पण डोळे बांधण्याआधी समोर काय काय आहे ते एकदा नीट बघून घ्यावं असं मला वाटलं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे आधीचं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम एक. घर.

स्वयंपाकघर, आतली खोली, बाहेरची खोली आणि गॅलरी असलेलं हे घर माझ्या दोन्ही मुलांना सारखं मिळावं. विकायचं, भाड्याने द्यायचं की कोणी राहायचं, ते दोघांनी समोरासमोर बसून ठरवावं.

इथेच पहिली अडचण आहे, आणि हे मृत्युपत्र तिच्याच भोवती फिरणार आहे, म्हणून आत्ताच सांगते. माझी दोन्ही मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. थोरली नदीपलीकडे राहते, औषधांच्या दुकानात काम करते. धाकटा दोन गल्ल्या सोडून राहतो, फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. थोरली यायच्या आधी फोन करून विचारते, "तो नाहीये ना?" धाकटा फोन करत नाही. दाराबाहेर तिची चप्पल दिसली की खालूनच परत जातो. माझ्याशी दोघंही चांगले आहेत. लाइट गेली की दोघांचेही फोन येतात, एकामागून एक. थोरलीला मी अंधारात एकटी असलेली खपत नाही, आणि धाकट्याला वाटतं की मला फ्यूज बदलता येत नाही.

कलम दोन. बँकेतली ठेव.

दोघांना निम्मी निम्मी. त्यातून आधी माझ्या सुनेला एक चांगलं घड्याळ घ्यावं. ती माझ्याकडे आली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि ते दहा मिनिटं मागे आहे हे दर वेळी विसरते.

कलम तीन. पुस्तकं.

मी शाळेत फार गेले नाही. वाचायला शिकले ती लग्नानंतर, हे लिफ्टची माहितीपुस्तकं घरी आणायचे त्यावरून. दरवाज्यात हात घालू नये, क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढू नयेत, हे माझे पहिले धडे. त्यानंतर मी जे हाताला लागेल ते वाचलं. कपाटातली सगळी पुस्तकं लाँड्रीशेजारच्या वाचनालयाला द्यावीत. तिथल्या बाईंनी कोरी पुस्तकं आधी मला देऊन मग नोंदवली, हे उपकार मी विसरलेले नाही. शब्दकोश मात्र जावयांना. त्यांना कोडी सोडवायची आवड आहे आणि ते दर वेळी मला फोन करून शब्द विचारतात. मी गेल्यावर त्यांचं अडायला नको.

कलम चार. भांडी, कपडे, कपाट.

सुनेने आणि थोरलीने मिळून बघावं. सुनेचं दोघांशीही जमतं, म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी तिच्यावर सोपवते. मोठा प्रेशर कुकर यादीत सापडणार नाही. तो माझ्या नणंदेकडे आहे. धाकटा रांगत होता तेव्हा तिने तो एका दिवसासाठी नेला होता. तो आता तिचाच समजावा, पण झाकण आमचं होतं एवढं तिला कळवावं. ती हसेल. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांत बघितलेलं नाही.

कलम पाच. नापासांचा खण.

बाहेरच्या खोलीतल्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला की त्यात बंद पडलेल्या छोट्या बॅटऱ्या सापडतील. आमच्या घरात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतात त्याला सेल. वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये.

यांचं काम लिफ्टच्या खड्ड्यात आणि गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत. दोन्हीकडे अंधार. मोठी बॅटरी पेटीत असायचीच, पण पेटी नेहमी एक मजला वर राहिलेली असायची. म्हणून यांना किल्ल्यांना लटकवता येईल अशी बॅटरी हवी होती. रोज खिशात राहील, किल्ल्यांशी घासेल, पडेल, भिजेल, आणि तरी लागेल अशी. लोक म्हणायचे, मोबाइलला असतो की उजेड. हे म्हणायचे, "मोबाइल खड्ड्यात पडला तर त्यातली सगळी माणसं खड्ड्यात जातात. बॅटरी पडली तर नुसती बॅटरी पडते."

अशी एक बॅटरी शोधायला यांना जितका वेळ लागला, तेवढ्यात आमच्याकडे दोन मुलं झाली आणि शाळेत जायला लागली.

पहिली लाल प्लॅस्टिकची. पायरीवरून पडली आणि दोन झाली. दुसरीला बटण होतं. ते खिशात आपोआप दाबलं जायचं, आणि हे दिवसभर मांडी उजळत फिरायचे. गरज पडली की ती मेलेली. एकीची कडी नुसती चिकटवलेली होती. किल्ल्या घरी आल्या, बॅटरी खड्ड्यात राहिली. एक चार्जिंगची होती. तिच्या भोकात खिशातला कचरा इतका दाबून बसला की सुईने काढावा लागला, आणि सुईनेच ती गेली. एक पितळी होती, दिसायला फार छान. तिच्या वजनाने पँटीचा खिसा फाटायचा. तो मी दोनदा शिवला, तिसऱ्यांदा ती बॅटरी मी नापास केली. एक सगळ्यात पास झाली होती, पण तिचा सेल कुठल्याच दुकानात मिळेना.

या सगळ्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून घेतलेल्या. हे दारात दिसले की तो म्हणायचा, "मिस्त्री, बॅटरी घ्यायला आलात की माझी इज्जत काढायला?"

"दोन्ही. आधी इज्जत."

मग एक दिवस तो खाली वाकून वायर शोधत होता, आणि शोधायला त्याने स्वतःच्या किल्ल्या काढल्या. यांनी बघितलं. दुकानात टांगलेल्यांपैकी एकही त्या किल्ल्यांना नव्हती. त्यांना लटकलेली बॅटरी स्टीलची होती, बोटाएवढी. बटण नाही, डोकं फिरवायचं. कडी वेगळी लावलेली नाही, अंगातूनच कोरलेली. सेल साधा, पेन्सिल सेलचा धाकटा भाऊ, कुठेही मिळणारा.

"ही एवढी वर्षं तुझ्या खिशात आहे," हे म्हणाले, "आणि मला तू ती लाल विकलीस?"

"ही टिकते हो मिस्त्री. टिकणारी विकून माझं दुकान चालेल का?"

त्याने यांच्यासाठी तशी एक मागवली. तीच ती मशीनमध्ये टाकलेली.

म्हणून नापासांचा हा सगळा खण मी त्या इलेक्ट्रिकवाल्याच्या नावे करते. त्याने तो ठेवून घ्यावा आणि यातली एकही परत कोणाला विकू नये. हे गेले तेव्हा त्याने दिवसभर दुकान बंद ठेवलं होतं. ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, इथे लिहिते.

कलम सहा. किल्ल्यांची बॅटरी.

त्या सकाळी मशीनमध्ये बॅटरी पास झाली, पण किल्ल्यांनी तिच्या काचेवर एक चरा पाडला. बारीक, मध्ये फुगीर, बाजूला दोन-तीन रेघा. त्या आठवड्यात एका संध्याकाळी लाइट गेली. यांनी आतल्या खोलीत छताकडे बॅटरी लावली, आणि उजेडाच्या गोलात ती चऱ्याची सावली पडली. थोरली तेव्हा पहिलीत होती. ती म्हणाली, "मुंगी."

तेव्हापासून ती मुंगीच झाली. लाइट गेली की दोघं मुलं आडवी पडायची आणि हे मुंगी चालवायचे. मुंगी कपाटावर चढायची, कोपऱ्यात जाऊन रुसून बसायची, धाकट्याच्या नाकावर उतरायची. धाकटा किंचाळायचा. थोरली सांगायची, "बाबा, तिला आता घरी जाऊ द्या, तिची आई वाट बघत असेल." मग यांचा हात सावकाश खिडकीपर्यंत जायचा आणि बॅटरी बंद व्हायची.

बॅटरी राहिली. मुलं मोठी झाली. यांनी तिची स्प्रिंग बदलली, पाणी आत जाऊ नये म्हणून असते ती रबरी रिंग तर कितीदा बदलली. काचेवर आणखी चरे पडले, उजेड पिवळट पडायला लागला. मी म्हणायचे, "काच बदला की आता." हे म्हणायचे, "राहू दे. थोरली विचारेल." थोरलीचं तेव्हा लग्नही झालेलं होतं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी यांनी मला किल्ल्या मागितल्या. मला वाटलं, भ्रमात कामावर निघाले. पण यांनी बॅटरी लावून बघितली, मग तिचं डोकं पाव फेरा सैल केलं, खिशात उगाच लागू नये म्हणून करायचे तसं, आणि जुडगा माझ्या हातात दिला. म्हणाले, "धर." दुपारी गेले. मी त्या किल्ल्या तेव्हापासून वापरते. माझ्या खिशात, म्हणजे पर्समध्ये, ती रोज असते. रोज मी तिचं डोकं सैल केलेलं आहे ना ते बघते. यांची आठवण यायला मला वेगळा दिवस लागत नाही.

काही महिन्यांनी ती लागेना. मी धाकट्याला म्हटलं, बघ रे जरा. तो रविवारी आला, गॅलरीत यांच्या जागेवर बसला, आणि चहा दोनदा गार होऊ दिला. मग बॅटरीने आधी कधी पाडला नसेल असा उजेड पाडला. अंग चकचकीत, फिरवायला लोण्यासारखी. मला फार आनंद झाला, खोटं का सांगू.

हे जाऊन वर्ष झालं त्या दिवशी सगळे जमलो होतो. थोरलीने किल्ल्या उचलल्या, आतल्या खोलीत गेली आणि पडदे ओढून छताकडे बॅटरी लावली. पांढराशुभ्र गोल. तिने हात हलवला, परत हलवला.

"मुंगी कुठंय?"

"काच बदलली," धाकटा दारातून म्हणाला. "जुनी पार आंधळी झाली होती. आता बघ कसा स्वच्छ पडतोय."

"मी विचारलं मुंगी कुठंय."

"ताई, चरा होता तो."

"तुला हात लावायला कोणी सांगितलं होतं?"

"आईने. लागत नव्हती ती."

"मग लागेल एवढंच करायचं होतंस. बाबांना पुसून काढायला कोणी सांगितलं होतं?"

धाकटा दारातून आत आला. मग बोलला ते बोलायला नको होतं. "दवाखान्यात त्यांची अंथरुणं मी बदलली. तू यायचीस आणि खुर्चीत बसायचीस. आता मुंगी शोधतेस."

तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पर्स उचलली. जावई पाठोपाठ उतरले. वाढलेली ताटं तशीच झाकून ठेवली. तेव्हापासून हे असं आहे. एकीला धाकट्याचं नाव काढलेलं चालत नाही, एकाला ताईचं. मला दोघांचंही पटलं होतं, हीच माझी पंचाईत.

अलीकडे सुनेने मला एक गोष्ट सांगितली. म्हणाली, "आई, ती नवी काच यांनी विकत नाही आणली. बाबांच्या डब्यात होती. बाबांनी आणून ठेवली होती आणि लावायची राहून गेली, असं यांना वाटलं. बाबांचं राहिलेलं काम पूर्ण करतोय म्हणून रविवारभर बसले होते. ताईंना हे सांगायच्या आधीच सगळं झालं." मी तिला म्हटलं, तू थोरलीला सांग. ती म्हणाली, "सांगितलं असतं, पण यांचा विषय काढला की ताई फोन ठेवतात."

काच राहून गेली नव्हती. यांनी ती ठेवून दिली होती. पण ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे.

आता ही बॅटरी कोणाला द्यायची? थोरलीला दिली तर धाकट्याने केलेलं तिच्या डोळ्यांसमोर राहणार. धाकट्याला दिली तर ती म्हणेल, आईनेही त्याचीच बाजू घेतली. मला सुचत नाही. जागा सोडून पुढे जाते.

कलम सात. हत्यारं.

गॅलरीतलं कपाट धाकट्याला. पाने, पक्कड, ड्रिल, मीटर, सगळं. त्यातला एक स्क्रूड्रायव्हर, पिवळ्या मुठीचा, माझा आहे. यांनी मला फ्यूज बसवायला शिकवलं ते त्याने. मी उत्तम फ्यूज बसवते. धाकट्याला हे कोणी सांगू नये, तो त्यासाठी येतो.

कपाटात एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे. यांची पद्धत अशी की दुरुस्तीत काढलेला जुना भाग लगेच फेकायचा नाही. नव्याने वर्षभर नीट काम केलं तरच जुना टाकायचा. तोवर तो त्या डब्यात. "नवीन आलाय म्हणजे जुन्याला हाकलायचं असं नाही," हे म्हणायचे, "नवीन कसा निघतो ते बघू दे आधी." धाकटा हात चालवायला यांच्याच शेजारी बसून शिकला.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवून मी उठले. गॅलरीत जाऊन डबा काढला. यांच्यानंतर मी तो उघडला नव्हता. स्प्रिंगा, वॉशर, एक दाराचं चाक, आणि तळाशी औषधाच्या बाटलीचं झाकण, त्यात कापूस, आणि कापसात नखाएवढी गोल काच. मी चष्मा काढून ती अगदी डोळ्याजवळ धरली. चरे पुष्कळ होते. मध्ये मुंगी होती.

धाकट्याने ती फेकली नव्हती. भांडताना त्याला आठवलंही नसेल. डोक्याने नाही, हाताने ठेवलेली होती ती. आणि थोरलीने विचारलं होतं मुंगी कुठंय, खरं म्हणजे त्याचं उत्तर होतं, गॅलरीत, डब्यात. दोघं दहा पावलांवर भांडत उभी होती.

कलम सहा, पुढे.

आता मला सुचलं. बॅटरी थोरलीला, आणि डबा त्यातल्या सगळ्या वस्तूंसह धाकट्याला. थोरलीला मुंगी हवी असेल तर तिला भावाकडे जावं लागेल. धाकट्याला काच बसवायची असेल तर बहिणीकडून बॅटरी मागावी लागेल. मग एकाला दुसऱ्याशिवाय काही दिसणार नाही. मी हे लिहून तीनदा वाचलं आणि स्वतःवर फार खूश झाले.

मग संध्याकाळी सही करायला साक्षीदारांना बोलावलं. कारकूनभाऊजी आले, आणि समोरच्या शिवणताई आल्या, गळ्यात टेप तशीच. भाऊजींना सवय आहे, कागद हातात आला की मोठ्याने वाचतात. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"वहिनी, लिहिलंय झकास. फक्त एक सांगा, हे उघडणार कधी?"

"मी गेल्यावर. तुम्हीच सांगितलंत तसं."

"आणि पोरं बोलत नाहीत ती आत्ता."

"हो."

"तुमची तब्येत बघता," ते म्हणाले, "त्यांना बरीच वाट बघावी लागेल."

शिवणताई टेप गुंडाळत होत्या. "म्हणजे भावंडांनी गोड व्हायचं ते तुम्ही मेल्यावर," त्या म्हणाल्या. "मग बघायला कोण असणार? मी? मला नका हो घालू त्यात, मला आधीच ऑर्डरी आहेत."

"मी मनापासून लिहिलंय ते," मी म्हटलं.

"मनापासूनच आहे. पण कपडा अंगावर बघायचा असतो, बाई. शिवून पेटीत ठेवायचा नसतो."

भाऊजी म्हणाले, "कलम खोडायचं असेल तर खोडा, पण बाजूला सही करा."

मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत विचार केला. मग कलम सहाचा पुढचा भाग खोडला आणि बाजूला सही केली. त्याऐवजी हे लिहिते:

मी आहे तोवर किल्ल्यांची बॅटरी माझ्या किल्ल्यांना राहील. माझ्यामागे ती कोणाकडे जावी हे माझ्या दोन्ही मुलांनी मला, मी जिवंत असताना, एकत्र येऊन सांगावं. तोवर हे कलम रिकामं समजावं. दोन्ही काचा, जुनी आणि नवी, त्यांच्या वडिलांनीच घरात आणलेल्या आहेत. एक त्यांनी लावली होती आणि एक थोरलीसाठी लावली नव्हती. दोन्हींपैकी कुठलीही फेकू नये.

कलम आठ. माझ्यामागे.

फार गाजावाजा करू नये. कोणाला लांबून यायला त्रास होत असेल तर त्याने येऊ नये, पण नणंदेने यावं, आणि झाकण आणावं. घराच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा शिवणताईंकडे आहे. घड्याळ दहा मिनिटं पुढे करून घ्यावं.

इथे माझं मृत्युपत्र पुरं झालं. जे लिहिलं ते वाचून, समजून, आणि एक कलम खोडून, दोन साक्षीदारांसमोर मी सही करते. त्या दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

सही: लिफ्टमिस्त्रींची बायको, थोरलीची आणि धाकट्याची आई

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून
साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या शिवणताई (यांनी चहात साखर कमी असल्याचंही नोंदवायला सांगितलं आहे)

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: मार्चमधला दुसरा मंगळवार

पुरवणी. बुधवार.

खालचा मजकूर मी एकटीने, साक्षीदारांशिवाय लिहिला आहे. कायद्याने तो धरला नाही तरी चालेल.

आज दिवस मावळायच्या आधी मी पिवळ्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने मेनचा फ्यूज काढला आणि पिठाच्या डब्यात ठेवला. बॅटरी खोलून टेबलावर ठेवली, तिच्या दोन्ही काचा एका बशीत शेजारी शेजारी मांडल्या, आणि आधी थोरलीला, मग धाकट्याला फोन करून सांगितलं की घरात अंधार आहे.